शिवेवर सोडलेली काळी कोंबडी

कोंबडीला काय झालंय ते ठकी तिच्या तोंडाकडे बघून ठरवत नाही, मागे काय पडलंय ते बघून ठरवते. मासवणकडच्या आमच्या पाड्यात सकाळी खुराडं उघडलं की विष्ठा काडीने उकलून बघणारी ती एकटीच. बाया नाक मुरडतात. मुरडोत. अडल्यावर त्याच तिच्या दारात येतात.

गेल्या वर्षी पाड्यातल्या कोंबड्या पंख पाडून बसायला लागल्या, तुरे फिके पडले, चार मेल्या. लगेच जो तो म्हणू लागला, मानमोडी आली. आणि मानमोडी आली की आमच्याकडे ठरलेलं, बिनडागाची काळी कोंबडी पुजून शिवेपलीकडे सोडायची, म्हणजे रोग तिच्यासोबत जातो. तशी कोंबडी एकच होती, ठकीची. ती अकरा अंड्यांवर बसली होती आणि पिल्लं निघायला तीनच दिवस उरले होते.

"मानमोडी नाय ही," ठकी म्हणाली. "मान वाकडी झाली का कुणाची? दाणा खातात नि छातीचं हाड वर येतं. म्हंजे खाल्लेलं आत दुसराच कोण खातो."

मेलेली एक कोंबडी तिने सगळ्यांसमोर सागाच्या पानावर घेतली आणि आतडं चिरलं. आत पांढरे जंत, शेवयांसारखे गच्च. पुरुषांनी पाहिलं, थुंकले आणि म्हणाले, जंत काय, सगळ्यांनाच असतात. डोळे असून आंधळे, दुसरं काय म्हणू.

ठकी ते आतडं पिशवीत घालून पालघरला जनावरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरने जंतांचं औषध दिलं. दुपार कलल्यावर ती परतली तर टोपलीतली अंडी गार पडलेली. कोंबडी तिच्याच नवऱ्याने, नवशाने, काढून दिली होती.

"सगल्यांचं ठरलं होतं," तो म्हणाला.

ठकी तशीच शिवेवर धावली. तिथे कोंबडी नव्हती. घरी येऊन तिने एक अंडं फोडून पाहिलं. पिल्लू पुरं झालेलं होतं, लवीसकट, आणि मेलेलं.

दुसऱ्या दिवशी तिने घरोघर कोंबड्यांच्या पाण्यात औषध घातलं. मी चिडून विचारलं, "यांच्या कोंबड्यांना कशाला देतेस?"

"कोंबड्यांनी माझं काय वाकडं केलं?" ती म्हणाली.

पंधरवड्यात तुरे लाल झाले. पाड्याने नारळ फोडला आणि मान दिला नवशाला. त्याच्या कोंबडीने म्हणे रोग नेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, तरी हातावर पडलेलं खोबरं मीही मुकाट्याने खाल्लं. ठकीने हात पुढे केला नाही.

"माझी अकरा पिल्लं मेली," ती म्हणाली. "ती रोगानं नाय मेली."