स्टडीबाहेरचा खांदा

"कुणाचा खांदा दुखतो का?" निघोज्यातल्या एका कंपनीच्या गेटवर, शिफ्ट सुटताना, मी बायकांना विचारत होते. सगळ्या हसून पुढे. एकीने डाव्या हाताने उजवा हात उचलून ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "मला काहीच नाही मॅडम."

मी फिजिओथेरपीच्या मास्टर्सला होते. स्टडीचा विषय फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडून बसलेला खांदा. पेशंट पुरे पडले नाहीत तर सबमिशन लांबणार होतं. दुखतं म्हटलं की लाइनवरून काढतात, कॉन्ट्रॅक्ट पुढे मिळत नाही, हे मला नंतर कळलं. कंपनीच्या दारात दुखणं विचारणारी मी एकटीच शहाणी!

त्याच आठवड्यात पॅकिंगला काम करणाऱ्या सुनंदाताई आपणहून आमच्या पिंपरीच्या ओपीडीत आल्या. मूळच्या लातूरकडच्या.

"हात वरच जाईना गेलाय. महालक्ष्म्यांच्या आधी जाईल का?"

महालक्ष्म्या म्हणजे गौरी, एक थोरली आणि एक धाकटी. त्यांच्या गावी त्या माणसाएवढ्या उभ्या करतात. मुखवटे चढवायचा मान थोरल्या सुनेचा, म्हणजे यांचा. गेल्या वर्षी हात उचलेना, म्हणून धाकट्या जावेने चढवले. "मी नुसती ताट धरून उभी," म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

मला तर हायसं वाटलं, पेशंट मिळाला! मग रिपोर्ट पाहिला. शुगर होती. शुगरवाल्यांचा खांदा सावकाश सुटतो, म्हणून ते माझ्या स्टडीत बसत नव्हते. तरी गाईड मॅडमना विचारलंच.

"शुगर ना? मग बाहेर."

"मॅडम, एकच तर..."

"स्टडीत नाही. ओपीडीत कर की, कोण नको म्हणतंय?"

सुनंदाताई दर सुट्टीला बस बदलत यायच्या. भिंतीवर बोटांनी वर चढायचा व्यायाम दिला होता. जिथे हात पोचेल तिथे त्या कपाळाची टिकली काढून चिकटवायच्या. पुढच्या वेळी तिच्या वर. टिकल्या हळूहळू डोक्याच्या वर गेल्या आणि सुनंदाताई सणाला गावी गेल्या.

परत आल्या त्या करंज्यांचा डबा घेऊन.

"चढवला का मुखवटा?"

"चढवला की. थोरलीचा जावेनंच चढवला. तिला आता सवय झालीय. मला धाकटीचा दिला."

मग भिंतीपाशी जाऊन त्यांनी आणखी वर एक टिकली लावली. "पुढच्या वर्षी बघू."

पण त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि फोनही लागेना. माझं सबमिशन व्हायचं तसं लांबलंच. आता मी विद्यार्थ्यांना सांगते, गेटवर उभं राहू नका, आणि कुठे दुखतं विचारायच्या आधी हात वर करून काय करायचंय ते विचारा. उत्तर ऐकलं की मात्र ते माणूस मनातून सुटत नाही. गौरी आल्या की मला अजून वाटतं, लातूरहून एक फोन यावा, "मॅडम, औंदा थोरलीचा चढवला."