खंडेनवमीचा बोल्ट

बोल्ट तीन होते. पहिले दोन निमूटपणे निघाले, म्हणून मी हुरळलो. तिसऱ्याचा नटही निघाला, तेव्हा तर गाडीखालूनच ओरडलो की चहा टाका, काम झालं. काम कसलं होतंय! ते तिथून सुरू झालं.

आमची गाडी जुनी आणि लहान. पुढच्या डाव्या चाकातून खडखड यायची. चाकाला गाडीशी धरून ठेवणारा एक लोखंडी हात असतो, त्याला आर्म म्हणतात. त्या आर्मच्या टोकाला रबराचा बुश असतो आणि त्यातून हा तिसरा बोल्ट जातो. बुश गेला होता. आमच्या तालुक्याच्या गावी, मालेगावला, फिटरनं मान वर न करता सांगितलं, "दिवाळीनंतर आणा." माझं डोकं फिरलं. अकोल्याहून नवा आर्म आणला आणि अंगणात विटा रचून गाडी त्यांच्यावर घेतली. मोबाइलवर एक गोरा माणूस चकचकीत गॅरेजमध्ये हाच बोल्ट शेंग सोलावी तसा काढून दाखवतो. त्याला एकदा आमच्या शेताच्या रस्त्यानं अख्खा पावसाळा फिरवायला पाहिजे. आमची काळी माती गाडीच्या पोटाला चिकटली की दिवाळीपर्यंत वाळत नाही. त्या ओलीत बोल्ट आणि बुश गंजून एकजीव झाले होते.

घाई होती ती आईसाठी. तिची थोरली बहीण रिसोडला असते. उन्हाळ्यात ती पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून खाटेवर. आईनं तिला अजून पाहिलं नव्हतं. पोळ्याला नेतो म्हणालो, तर ही खडखड सुरू झाली. महालक्ष्म्यांना नेतो म्हणालो, तर आर्म मिळेना. आता दसऱ्याला बहिणीच्या हातात सोनं द्यायचंच, असं आईनं ठरवलं होतं आणि आपट्याची पानं आणून पाण्यात ठेवली होती. एसटीचं नाव तिनं एकदा काढलं होतं, पण तिच्या गुडघ्यांना एसटीची पायरी झेपायची नाही, असा निकाल मीच देऊन टाकला होता. भाड्याची गाडी म्हणाल, तर दसऱ्याला ज्याची त्याची गाडी ज्याच्या त्याच्या दारात हार घालून उभी असते.

तर बोल्ट. पान्याला पाइप लावून अंग टाकलं की तो थोडा फिरायचा. मला वाटायचं, आला. पाना सैल सोडला की आतलं रबर त्याला अलगद जागेवर नेऊन ठेवायचं. पुन्हा जोर, पुन्हा फिरणं, पुन्हा जागेवर. तेल सोडलं, डिझेल सोडलं, शिव्या दिल्या. शिव्यांनी निदान मला बरं वाटलं.

त्यात शेजारचे काका. त्यांचं सोयाबीन सोंगून घरी आलेलं, हात रिकामे, आणि आमच्या फाटकाला कडी नाही. मी हात धुवायला आत गेलो तेवढ्यात त्यांनी घन उचलला आणि बोल्टच्या टोकावर मनापासून हाणला. मी धावत बाहेर आलो. बोल्ट जिथल्या तिथं होता, फक्त त्याचं टोक चेपून पसरलं होतं. आता तो मोकळा झाला असता तरी भोकातून बाहेर येणार नव्हता.

"म्या त एकच टोला देल्ला," काका म्हणाले.

"एकच पुरला, काका," मी म्हणालो. त्यांना ती शाबासकी वाटली असावी, कारण ते चहा घेऊन गेले.

आता कापण्याशिवाय इलाज नव्हता. नवमीच्या सकाळी एका ओळखीच्याकडून लोखंड कापायचा ग्राइंडर मागून आणला, अंगणात ठेवला आणि आंघोळीला गेलो. तिथं चुकलो. बाहेर येऊन पाहतो तर अंगणात एक हत्यार नाही. पाने, हातोडा, घन, पाइप, जॅकचा दांडा, सगळं देवापुढं पाटावर विळ्या-खुरप्यांच्या रांगेत. मध्यभागी ग्राइंडर, त्यावर झेंडूचं फूल आणि पात्यावर कुंकवाची पाच बोटं.

"माय, हे काय करून राह्यली?"

"खंडेनवमी हाये."

"अवं, गाडी विटायवर हाये!"

"मंग राहू दे. विटायची पूजा नसते."

"ग्राइंडर त लोकाचा हाये."

"लोकाचा असला म्हणून काय झालं? त्याले काय देव नसते?"

आमच्या घरचा नेम असा की नवमीला मांडलेल्या हत्यारांना दसऱ्याचं सोनं देऊन झाल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि आईचं पहिलं सोनं दरवर्षी थोरल्या बहिणीला. म्हणजे सोनं दिल्याशिवाय हत्यार नाही, रिसोडला गेल्याशिवाय सोनं नाही, गाडीशिवाय रिसोड नाही आणि हत्याराशिवाय गाडी नाही. हे मी आईला चारदा समजावून सांगितलं, शेवटी हातवारे करून. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग काल काहून नाई काढला?"

मी कपाळावर हात मारला.

दसऱ्याला सकाळी तिनं गाडीचीही पूजा केली. बॉनेटला हार घातला आणि चाकांखाली लिंबं ठेवली. चौथं चाक भिंतीला टेकलेलं होतं, म्हणून तिथलं लिंबू विटेवर ठेवलं. मी ओट्यावर बसून ते लिंबू पाहत होतो आणि माझा जळफळाट होत होता.

दुपारी रिसोडहून फोन आला. मावशीच्या सुनेचा आवाज मलाही ऐकू येत होता; ती आईलाही मावशीच म्हणते. "मावशी, येता न? सासूबाई सकाळपासून दाराकडेच पाहून राह्यल्या." आईनं "हो" म्हटलं आणि फोन ठेवला. मग देवघरात गेली आणि ग्राइंडर दोन्ही हातांनी धरून बाहेर घेऊन आली. पात्यावरचं कुंकू तिनं पदरानं पुसलं.

"काप," म्हणाली.

"अन् नेम?"

"देवाले मी सांगीन. तू काप."

इतक्या वर्षांत तिला नेम मोडताना मी पाहिलं नव्हतं. घाईघाईनं वायर जोडली, गाडीखाली सरकलो, ग्राइंडर वर नेला. तो आत जाईना. आडवा धरला, उभा धरला, पात्यावरचं कव्हर काढून पाहिलं. बोल्टपाशी बोटभर जागा होती आणि ग्राइंडरचं डोकं माझ्या मुठीएवढं. दोन दिवस मी ज्या हत्यारावरून आईशी भांडलो, ते त्या जागेत मावतच नव्हतं, आणि हे कालच नुसतं मोजून कळलं असतं. मी गाडीखालीच पडून राहिलो. बाहेर यायचं तोंड नव्हतं.

आईचे पाय दिसत होते. पायांत चपला होत्या.

"ऊठ. हात धू. रिसोडची एसटी येईन आता."

"तुये गुडघे?"

"गुडघे माये हायेत. तू तुया बोल्टचं पाह्य."

एसटीत चढायला तिला वेळ लागला. एका हातानं दांडा, दुसऱ्या हातात पानांची पिशवी. एक पाय वर, मग थांबणं, मग दुसरा. मी मागून आधार द्यायला गेलो तर म्हणाली, "ढकलू नको." कंडक्टर थांबला, मागचे लोक थांबले. आणि ती चढली. खिडकीशी बसून तिनं पिशवी मांडीवर घेतली.

मावशी खाटेवर उशीला टेकून बसली होती. फार वाळली होती. आईनं तिच्या हातात सोनं ठेवलं, वाकून पायांना हात लावला आणि मग दोघींनी एकमेकींचे हात सोडलेच नाहीत. बऱ्याच वेळानं मावशीनं माझ्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर पाहिलं.

"गाडी कुठी लावली?"

"गाडी नाई आणली," आई म्हणाली. "एसटीनं आलो."

मावशीनं पुन्हा आईकडे पाहिलं.

"एसटीनं येता येत होतं," तिनं हळूच विचारलं, "मंग इतके दिवस काहून नाई आली वं?"

आई तिचा हात कुरवाळत राहिली. तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.