बाबांच्या हातातली पांढरी रेघ

अकोल्याच्या डॉक्टरबाईंनी बाबांच्या डाव्या हाताचा एक्स-रे उजेडासमोर धरला, तेव्हा मला फक्त हाडं ओळखू आली. हाडांच्या बाजूने मनगटापर्यंत एक बारीक पांढरी रेघ गेली होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, ही रक्तवाहिनी. एरवी ती अशी दिसत नाही; भिंतीत कॅल्शियम साठलं की दिसते.

मी अमरावतीहून सकाळच्या बसने वहीत प्रश्न लिहून घेऊन गेले होते. या रेघेबद्दलचा प्रश्न त्यात नव्हता. बाबांच्या किडन्या थकल्या होत्या आणि डायलिसिस जवळ आलं होतं. त्यासाठी हातातली धमनी शिरेला जोडायची होती. धमनी अशी कडक निघाली तर जोड चालेलच असं नाही, आणि नाही चालला तर गळ्याजवळ नळी. त्या नळीला बाबा फार भीत होते.

पण एक्स-रे पाहून त्यांना नवल वाटलं नाही. त्यांनी सगळी नोकरी खारपाणपट्ट्यातल्या, जमिनीखालचं पाणीच खारं असलेल्या गावांत नळाचे पाइप बदलण्यात काढली होती.

"खार धरला," ते म्हणाले. "असे किती पाइप काढले मी. फोडले का अंदरून पांढरेफक."

मलाही ते पटलं. आमच्या गावाकडच्या बोअरच्या पाण्याने हंडा, बादली, फरशी सगळं पांढरं होतं. माणूस कसा सुटेल? वहीत कारणापुढे मी 'पाणी' लिहिलं आणि पुढच्या कामाला लागले.

महिन्याने रक्त तपासलं तर फॉस्फरस बराच वाढलेला. जेवताना घ्यायची गोळी चालू आहे ना, असं डॉक्टरबाईंनी विचारलं. बाबांनी सरळ सांगून टाकलं की बंद केली. गोळीच्या पाकिटावर कॅल्शियम लिहिलं होतं.

"पाइपात खार जमला, अन् वरून मी खारच टाकू का?"

मी फोनवर रोज 'गोळ्या घेतल्या?' विचारत होते आणि ते 'घेतल्या' म्हणत होते. म्हणजे बाकीच्या.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी कागदावर वाहिनीची भिंत काढली. त्या भिंतीत स्नायूंच्या पेशी असतात आणि त्या एकमेकींना सारखे निरोप धाडत असतात, कधी बारीक बारीक पिशव्यांत भरून. किडन्या थकल्याने रक्तात फॉस्फरस वाढला की त्यांची वागणूक बदलते. त्या हाडाच्या पेशींसारखं काम करू लागतात, आणि त्यांच्या पिशव्यांतून शेजारीही तेच सुरू होतं. बंद केलेली गोळी जेवणातला फॉस्फरस पोटातच धरून ठेवायची.

"बाहेरून कोणी खार आणून टाकत नाही, काका. वाहिनीच हाड करायला लागते."

बाबांनी तो कागद आपल्याकडे ओढला. "तिले कोन सांगते?"

"शेजारच्या पेशी."

"अन् त्यायले?"

फॉस्फरस, वय, अंगातली सूज, असं बरंच काही, डॉक्टरबाई म्हणाल्या. सगळं अजून कोणालाच नीट कळलेलं नाही. मग त्यांनी ती गोळी बदलून त्याच कामाची, पण कॅल्शियम नसलेली दुसरी दिली. मी गोंधळले. म्हणजे बाबांचं बरोबर होतं? नाही, त्या म्हणाल्या, बंद करणं चुकलंच; पण भिंतीत आधीच साठत असताना जादा कॅल्शियम नको, म्हणून एक्स-रे पाहिल्यावर गोळी बदलायचं त्यांच्याही मनात होतंच. हे मी कुठल्या रकान्यात लिहायचं? 'पाणी' खोडलं. त्याच्या जागी काही लिहिता येईना.

सोनोग्राफीत मनगटाची धमनी बाद झाली. कोपराच्या वरची मऊ निघाली, आणि तिथे जोड दिला. टाक्यांच्या वर बोटं ठेवली की आतून बारीक थरथर लागते. ती जोड चालू असल्याची खूण; रोज तपासायची असते. आता संध्याकाळच्या फोनमध्ये माझे दोनच प्रश्न असतात. गोळी? जेवतानी घेतली. हात? थरथरून राह्यला.

परवा दोन्ही उत्तरं देऊनही त्यांनी फोन ठेवला नाही.

"बाई, एक सांग. मनगटातल्या पेशीयचं हे जे चालू आहे, ते कोपरावरच्या पेशीयले समजलं नसन ना अजून?"

मी वही उघडून बसले होते. डॉक्टरबाईंचा कागदही तिथेच होता. त्यात एका पेशीकडून दुसरीकडे जाणारे बाण होते, पण मनगटाकडून कोपराकडे जाणारा एकही नव्हता. म्हणून तो नसतोच, असं मला म्हणता येईना.

"ताटावर बसलात का?" मी विचारलं. "मग गोळी घ्या आधी."