ससाण्यांना वाळे घालणारे भावोजी

आमच्या भावोजींइतका कामात चोख आणि गिऱ्हाइकाला निरुपयोगी घड्याळजी मालवणच्या पेठेत पूर्वी झाला नाही आणि पुढे होईल असं मला वाटत नाही. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. खाऱ्या वाऱ्यानं गंजलेलं कसलंही घड्याळ ते डोळ्याला भिंग लावून असं जिवंत करत की मालकालाच ते आपलं वाटू नये. पण हे वर्षातले आठ-नऊ महिने. दिवाळी सरली, वारा फिरला, की भावोजी दुकानाला फळ्या लावत आणि घड्याळं ज्या वेळेवर असतील त्या वेळेवर थांबत. गिऱ्हाईक घरी आलं तर ताई स्वयंपाकघरातूनच ओरडून सांगायची, "ते सड्यार गेलेत!" सडा म्हणजे आमच्याकडचं डोंगरमाथ्यावरचं कातळाचं उघडं रान. तिथं गुरं आणि भावोजी यांच्याखेरीज कुणाचंही काही काम नसे. ज्यांची घड्याळं अडकली ते त्यांना शिव्या घालत, आणि ज्यांच्याकडे घड्याळच नव्हतं ते त्याहून जास्त घालत.

हे वेड त्यांना लावलं एका पारशी डॉक्टरानं. साठ सालाच्या थोडं आधी हा म्हातारा मुंबईहून पक्षी बघायला म्हणून मालवणात आला होता आणि समुद्रात त्याचं घड्याळ भिजलं. भावोजींनी ते दुरुस्त केलं. म्हातारा त्यांच्या बोटांकडे बघतच राहिला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना सड्यावर घेऊन गेला. तिथं त्यानं बालछत्री दाखवली. बालछत्री म्हणजे उपड्या टोपलीसारखा तारेचा पिंजरा. आत जिवंत उंदीर, बाहेरून घोड्याच्या केसांचे बारीक फास. उंदीर बघून ससाणा झडप घालतो आणि त्याच्या नख्या फासांत अडकतात. उंदराला ओरखडा येत नाही, ससाण्याचं पीस मोडत नाही. मग त्याच्या पायात ॲल्युमिनियमचा वाळा घालायचा, ज्याच्यावर एक नंबर आणि मुंबईच्या पक्षी-संस्थेचा पत्ता कोरलेला असतो, आणि त्याला सोडून द्यायचं. पुढे जगात कुठेही तो कुणाच्या हाती लागला तर त्यानं नंबर वाचून कळवायचं, म्हणजे हे पाखरू कुठून कुठे जातं ते समजतं. म्हातारा गेला तो गेलाच, पण मुंबईहून दर वर्षी वाळ्यांची पुडी मात्र येत राहिली.

भावोजींचा हट्ट मात्र मुंबईकरांपेक्षा पुढचा होता. हिवाळ्यात सड्यावर एक लहान ससाणा येतो, हवेत एका जागी पंख फडफडवत उभा राहतो. तो दर वर्षी वेगळा नसतो, तोच तो परत येतो, असं त्यांचं म्हणणं. "हिमालयापलीकडसून येता रे, आणि एवढो मुलूख सोडून आमच्याच सड्यार उतारता," ते सांगायचे. मी म्हणायचो, "कशावरून?" ते म्हणायचे, "आमचो वाळो घातललो एकदा जरी परत गावलो, तरी झाला. माका दुसरा काय नको." इतक्या वर्षांत तसा एकही सापडला नव्हता. बाहेरूनही कुणी काही कळवलं नव्हतं. माणसानं एवढंच मागावं आणि तेही मिळू नये, यात मला काही विनोदी दिसत नाही, पण मालवणातल्या लोकांना ते फार विनोदी दिसे.

फासांसाठी घोड्याचे केस लागत आणि मालवणात घोडा नाही. सावंतवाडीला कुणाच्या तरी लग्नात नवरदेव घोड्यावरून येणार असं कानावर आलं, तेव्हा भावोजी आमंत्रण नसताना ठेवणीतला कोट घालून, खिशात कात्री घेऊन गेले. वरातीत ते घोड्याच्या मागे इतक्या भक्तिभावानं चालत होते की वधूपक्षाला ते वराचे मामा वाटले. दोन-चार झुबके मिळाले आणि मग हाव सुटली. घोडा उधळला, नवरदेव मांडवाऐवजी बाजारात पोचला, आणि भावोजी कोटाच्या खिशात शेपूट घेऊन रात्रीच्या एस.टी.नं परत आले. "जेवलास?" ताईनं विचारलं. "जेवूक नाय गो, पण केस काय झकास आसत!" म्हणाले.

उंदरांची गोष्ट वेगळीच. लोकांच्या घरी सापळ्यात सापडलेला उंदीर मारतात, ताईच्या घरी त्याला भात मिळे. पावसाळाभर भावोजी त्यांना खोक्यात पाळायचे, लठ्ठ करायचे आणि सड्यावर न्यायचे. वय झालं की प्रत्येक उंदराला शेवटी शेताच्या बांधावर सोडून द्यायचं. एकदा त्यांनी एक उंदीर हातात धरून, "ह्यो आता म्हातारो झालो, ह्येका ह्या वर्षी नको न्हेऊया," असं म्हटल्याचं मी या कानांनी ऐकलं आहे. ताई म्हणायची, "लोकांचे घोव बाजारातसून बांगडे हाडतत, आमचे हे उंदीर हाडतत." पण भाताचं भांडं खोक्यात तीच सरकवायची.

पेठेत त्यांना 'वाळेघालो' म्हणत. तिथवर ठीक होतं. पण एकदा पानाच्या गादीवर एकानं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "घरात पोर नाय वाळे घालूक, म्हणान घारींक घालता." भावोजी तिथेच उभे होते. मी धावून गेलो असतो, त्यांनी माझा दंड धरला. ताईला मूल नव्हतं, ही गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती आणि गावाला ठाऊक असलेली गोष्ट आमच्याकडे हत्यार म्हणूनच वापरतात. त्या गृहस्थाचं घड्याळ त्या वेळी भावोजींकडे दुरुस्तीला होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते नीट करून, पुसून, घरी पोचवलं. मला अजूनही त्यांचा हा चांगुलपणा पटलेला नाही.

आता त्या शनिवार-रविवारचं सांगतो. गोवा मोकळा झाला त्याला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. भावोजींबरोबर नेहमी दोन मित्र असत. एक आबा शिंपी. ससाण्याला धरल्यावर त्यानं पंख आपटू नयेत म्हणून अंगडं घालावं लागतं, ती अंगडी आबा शिवायचा, तीही गिऱ्हाइकांच्या उरलेल्या कापडातून. मध्य आशियातून आलेला तो राजबिंडा पक्षी पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्याच्या कापडात गुंडाळलेला बघून मला फार वाईट वाटे. दुसरे दाजी, मुंबईच्या गिरणीतून निवृत्त होऊन आलेले. दाजींना पाखरांत रस नव्हता. त्यांना सड्यावर जेवण करायला आवडे, आणि कुठल्याही कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालायला आवडे.

अर्धी वाट एस.टी.नं, खाडी होडीतून आणि उरलेली पायी, असे आम्ही चौघे शनिवारी कुणकेश्वराच्या वरच्या सड्यावर पोचलो. भावोजी पिंजरे मांडतात तोवर दाजींनी समुद्राकडे तोंड करून हात जोडले आणि गिरणीच्या भोंग्याच्या आवाजात सुरू केलं, "बा देवा कुणकेश्वरा म्हाराजा! आज हयसर जी काय तुजी लेकरां जमली आसत, तेंच्या फासात पाखरू गावांदे रे म्हाराजा!" आबा आणि मी, "व्हय म्हाराजा!" त्या आवाजानं कोसभरातलं पाखरू उडालं. भावोजी म्हणाले, "दाजी, देव हळू बोलल्लाव तरी आयकता." दाजी म्हणाले, "आयकता, पण ध्यानात ठेवणा नाय."

तरी संध्याकाळपर्यंत दोन ससाणे मिळाले. भावोजींची शिस्त कडक. "धरलो, अंगडा घातला, वाळो घातलो, सोडलो. उगाच हातात धरून बसाचा नाय. पाखराक तरास होता कामा नये." हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणत की आबा कापड बेततानाही ते पुटपुटे. त्यांच्या बोटांत तो वाळा असा अलगद मिटे की ससाणासुद्धा ओरडायचा थांबे. मग त्याला वाऱ्याच्या तोंडावर सोडायचं आणि तो ठिपका होईपर्यंत भावोजींनी बघत राहायचं. तेवढा वेळ त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, हा अलिखित नियम.

रविवारी सकाळी ऊन तापलं. दाजींनी आणलेलं सगळं पाणी भात आणि तिसऱ्यांच्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांच्या, कालवणात घालून टाकलं होतं. कातळावरच्या पिंजऱ्यातला एक उंदीर मान टाकायला लागला. मी म्हटलं, "भावोजी, उंदीरच तो." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं गिळलं. उंदीर टोपीत घातला, दुसऱ्या हातात रिकामी कळशी घेतली आणि ते खालच्या वाडीतल्या विहिरीकडे निघाले. मीही गेलो. विहिरीवर त्यांनी आधी उंदराला ओल्या बोटानं थेंब थेंब पाणी पाजलं, तो सावलीत हिंडूफिरू लागेतो थांबले, मग कळशी भरली. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

आम्ही वर आलो तेव्हा दाजी लांबूनच हात हलवत होते. "अरे, एक गावललो! पण तू काय काळजी करू नको. आमी नीट सोडलंव!"

"वाळो घातलास?" भावोजींनी हसत विचारलं.

"गरजच पडली नाय," आबा म्हणाला. "तेच्या पायात आधीच होतो. म्हणान लगेच सोडलंव."

भावोजींनी कळशी खाली ठेवली. ती कातळावर तिरकी राहिली आणि पाणी सांडू लागलं, ते त्यांना दिसलंच नाही.

"नंबर काय होतो?"

"नंबर कोण बघता रे?" दाजी म्हणाले. "तूच सांगतस मा, उगाच हातात धरून बसाचा नाय."

"खंयच्या पायात होतो?" भावोजी कायम उजव्या पायात वाळा घालत. आबा म्हणाला डाव्या. दाजी म्हणाले उजव्या. दोघांची जुंपली. आबानं स्वतःचा पाय पुढे करून दाखवला, दाजींनी तो मागे फिरवला. वाळा नवा होता की जुना, तर जुना, घासलेला. अक्षरं कसली, तर होती कसलीतरी. म्हणजे तो आमच्याच सड्यावर वाळा घातलेला ससाणा परत आला होता, की रशियात कुणी घातलेला इथे येऊन पोचला होता, की आणखी काही, हे आता कुणालाही कधीही कळणार नव्हतं. जन्मभर ज्याची वाट पाहिली तो कदाचित आला होता आणि या दोन शहाण्यांनी त्याचा मान राखून त्याला निरोप दिला होता.

माझा तोल गेला. मी दाजींना काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. वयाचा मुलाहिजा ठेवला नाही. आबा रडवेला झाला. भावोजी कातळावर बसले होते. ते म्हणाले, "गप रे. तेंची चूक नाय. धरूचो कसो, तां मी शिकवलंय. घालूचो कसो, तां शिकवलंय. सोडूचो कसो, तां शिकवलंय. आधीच वाळो असलो तर काय करूचा, तां कधी सांगलंयच नाय." मग तिरकी कळशी सरळ करत म्हणाले, "कारण तो येतलो म्हणान माका सोताकच वाटला नव्हता."

एवढी वर्षं लोकांशी भांडून, टोमणे खाऊन ज्या गोष्टीवर माणूस उभा होता, तिच्यावर त्याचा आतून विश्वासच उरला नव्हता, आणि हे त्याला ती गोष्ट कदाचित खरी ठरली त्याच दिवशी कळलं. त्यानंतर ते उठले, दाजींच्या कालवणाला बसले आणि "मीठ बरोबर पडलाहा" असंही म्हणाले. दाजी मात्र जेवले नाहीत. पण हा पश्चात्ताप उतारावरच ओसरला असावा, कारण महिन्याभरात पेठेत दाजी स्वतःच ती हकिगत रंगवून सांगू लागले. लोक पोट धरून हसत. एकदा भावोजीही ऐकत होते आणि हसले. मी तिथून उठून गेलो.

पुढच्या हिवाळ्यात ते सड्यावर गेले, पण बालछत्र्या माळ्यावरून खाली आल्याच नाहीत. मुंबईहून वाळ्यांची पुडी आली ती ताईनं फडताळात ठेवली. मित्रांना त्यांनी बोलावलं नाही, मी मात्र गेलो. आम्ही कातळावर बसलो होतो आणि वर एक लहान ससाणा वाऱ्यात पंख फडफडवत एका जागी उभा होता. न राहवून मी म्हटलं, "भावोजी, पुढच्या रविवारी पिंजरे घेऊन येवया. हो तोच असतलो."

ते वर बघतच म्हणाले, "नको रे. धरलो आणि पायात काय नसला तर? वर आसा तोपर्यंत माका तो तोच आसा."

मान दुखेपर्यंत आम्ही दोघे वर बघत बसलो.