दगड झालेला ब्रेक

उभं आयुष्य ट्रक चालवलेल्या मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला कार शिकवली आणि उताराचा धडा पहिल्याच दिवशी दिला. "न्यूटल कर, इंजन बंद कर. उतारावर पेट्रोल काऊन जाळून राह्यली?" आर्वीहून कारंज्याच्या शाळेत जाताना मी रोज तसंच करायचे.

एका सकाळी वाटेतल्या उतारावर, इंजिन बंद असताना, पुढे ट्रॅक्टर आला. दोनदा ब्रेक दाबून वेग कमी केला. तिसऱ्यांदा पाय ठेवला तर पेडल दगडासारखं घट्ट! हँडब्रेक ओढून गाडी कडेच्या तुरीत घातली. मला खरचटलंही नाही.

मेकॅनिकने चारही चाकं उघडली. ऑइल पुरेसं, पॅड नवे, गळती नाही. "मॅडम घाबरल्या असतील," त्याने माझ्याकडे न बघता नवऱ्याला सांगितलं. मामाजींनी चाबी खिशात घातली. "आता बसनं जाजो." बस पोचते शाळा भरल्यावर. आणि मी विज्ञान शिकवते हो! माझ्या पायाखाली घडलेलं मलाच समजलं नाही म्हणे. असा संताप झाला!

गाडीसोबत आलेलं पुस्तक घेऊन तीन दिवस बसले आणि कारण सापडलं. पायाचा जोर वाढवून देणारा एक डबा ब्रेकला असतो. इंजिन हवा शोषतं, त्या ओढीवर तो चालतो. इंजिन बंद केलं, की दोन-तीनदा दाबेपर्यंतच त्याची मदत.

रविवारी कापूस बाजाराच्या रिकाम्या आवारात सगळ्यांना नेलं, मेकॅनिकलाही. उभ्या गाडीत, इंजिन बंद करून त्याला ब्रेक दाबायला लावला. तिसऱ्या खेपेला त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. "आता पाय तसाच ठेवून चालू करा." पेडल अलगद खाली गेलं. तो ओशाळला. मला तर नाचावंसं वाटलं.

मग मामाजी स्वतः बसले. चारदा करून पाहिलं. मग इंजिन बंद करून खाली उतरले.

"तू घाबरली नोती," ते म्हणाले, "मीच चुकीचं शिकवलं. अन् चाबी तुह्या हातची घेतली." चाबी त्यांनी तिथेच माझ्या हातात दिली.

सोमवारी मी कार घेऊन निघाले, तेव्हा बसस्टँडसमोरच्या टपरीवर ते आपल्या जुन्या ड्रायव्हर दोस्तांना दमात घेत होते. "उतारावर इंजन बंद करू नका कोणी. मले माह्या सुनेनं शिकवलं."