वीज आणायला अकोल्याला

आमची गाडी विजेवरही चालते आणि पेट्रोलवरही. अडचण एवढीच, की आम्ही अमरावतीत राहतो आणि वीज अकोल्यात मिळते.

ही प्लग-इन हायब्रिड मी हौसेनं घेतलेली नाही. माझा चुलतभाऊ परदेशी गेला आणि जाताना ती माझ्या गळ्यात मारून गेला. "रात्री प्लग लावायचा, सकाळी निघायचं. अगदी फोनसारखं!" म्हणाला. फोन तिसऱ्या मजल्यावर नेता येतो, हे त्याला कोण सांगणार! मी पार्किंगमध्ये एक पॉइंट मागायला सोसायटीच्या अध्यक्षांकडे गेलो.

"वकीलसाहेब, आज तुमाले पाइंट देला, तं उद्या कोणी म्हणीन मले पिठाची गिरणी लावाची आहे!"

"अहो, पार्किंगमध्ये गिरणी कशाला कोण लावेल?"

"तेच तं मी म्हणून राहिलो. कशाले लावाची?"

कोर्टात मी बऱ्याच जणांना गप्प केलं आहे. इथे मीच खटला हरून जिना चढलो. मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली वायर सोडून पाहिली. ती दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचली, तोवर तिथल्या वहिनींनी तिच्यावर चादर वाळत घातली! (चादर अजून ओली होती. मी वायर हळूच वर ओढून घेतली.)

तेव्हा मला सासुरवाडी आठवली. अकोल्यात माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे मामाजींचं, बसकं घर आहे. समोर पोर्च, पोर्चला लागून खिडकी, आणि खिडकीत कूलरचा दणकट पॉवर पॉइंट. मामाजी निवृत्त हेडमास्तर. आदल्या वर्षी सासूबाई गेल्या, तेव्हापासून घरात एकटेच. अमरावतीला या म्हटलं की "पाहू" म्हणायचे, आणि आम्हाला या असं तर कधीच म्हणायचे नाहीत. आमच्याकडे सासरा जावयाला कारणाशिवाय बोलावत नाही आणि जावई कारणाशिवाय जात नाही. मला आता कारण मिळालं होतं. फक्त ते सांगण्यासारखं नव्हतं.

दर रविवारी आम्ही जाऊ लागलो. बायको मंजू शाळेत गणित शिकवते, त्यामुळे वाटेत मूर्तिजापूर आलं की तिचा तास सुरू व्हायचा.

"काहो, जाताना पूर्ण पेट्रोल. येताना वीज मूर्तिजापूरलाच संपते. पुढे पुन्हा पेट्रोल. मग वाचलं काय?"

"पर्यावरण!" मी म्हणायचो.

ती खिडकीबाहेर बघून हसायची. पण एकाही रविवारी तिनं "नको जायला" म्हटलं नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मामाजी मात्र फुलून यायचे. आम्ही पोचायच्या आधीच पोर्च धुतलेला. जावई येतात म्हणून त्यांनी स्वयंपाक शिकायला घेतला होता. आधी वरण लागलं, मग वरण जमलं, मग भाजीही जमायला लागली. गल्लीत सांगायचे, "आमच्या जवाईबापूले करमतच नाई माह्याशिवाय!" यांना खरं कळलं तर काय होईल, या विचारानं मी केबल लावताना इकडेतिकडे बघायचो. आपल्याच सासऱ्याच्या घरी आकडा टाकल्यासारखं वाटायचं!

मग मे महिना आला. अकोल्याचा मे! एका पॉइंटवर एकच काहीतरी चालणार, कूलर किंवा गाडी. मामाजींनी स्वतःच्या हातानं कूलरचा प्लग काढला आणि डोक्यावर ओला टॉवेल ठेवला.

"मामाजी, राहू द्या ना!"

"तुमी बसा. आज रस अन् सरगुंडे आहेत."

सरगुंडे म्हणजे हातानं वळलेल्या जाड शेवया, सासूबाईंच्या हातच्या प्रसिद्ध होत्या. मामाजींनी त्या स्वतः वळल्या होत्या, काही करंगळीएवढ्या, काही अंगठ्याएवढ्या. रसासाठी त्यांनी मिक्सरचं बटण दाबलं आणि फट्! मिक्सर मेला, पंखा मेला, फ्रीजनं शेवटचा उसासा टाकला.

भिंतीपलीकडून शेजारच्या शांताकाकूंनी मान काढली. "आमच्याकडं तं लाइट आहे. तुमच्याकडं काहून गेली?" मग त्यांची नजर खिडकीवर गेली, केबलवरून सरकत सरकत गाडीपर्यंत आली. "अरे बावा! जवाई सासऱ्याले भेटाले येते का गाडी चार्ज कराले?"

गल्लीतली चार डोकी जमली होती. माझ्या हातात रसाची वाट पाहणारी रिकामी वाटी. मामाजींनी टॉवेल सारखा केला.

"गाडी इतक्या दुरून थकून येते बिचारी," ते म्हणाले. "तिले बी पाहुणचार पायजे ना!"

सगळे हसले. मी हसलो नाही. त्या दिवशी मला मामाजी फार आवडले, आणि मी स्वतःला अजिबात आवडलो नाही.

पावसाळ्यात अध्यक्षांनी स्वतः विजेची स्कूटर घेतली आणि आठवड्यात पार्किंगमध्ये पॉइंट लागला! आता कारण संपलं. मी मामाजींना काही कळवलं नाही. शनिवारी संध्याकाळी चार्ज झालेली गाडी घेऊन बडनेऱ्यापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. बॅटरी पार रिकामी केली, तेव्हा कुठे रविवारी अकोल्याला जायला तोंड राहिलं.

निरोप घेताना मामाजी केबल गुंडाळत म्हणाले, "तुमच्या इमारतीत पाइंट लागला म्हणे."

"कोणी सांगितलं?"

"मंजूनं. लागला त्याच दिवशी."

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"मी काहून बोलू? तुमी येनं बंद केलं असतं तं?" ते केबलकडेच बघत होते. "आपल्या पाइंटची वीज बरी आहे, जवाईबापू. येत जा."

मंजू गाडीत बसून डोळे पुसत होती. गणित तिचं पहिल्या रविवारीच सुटलं होतं. मला ते सुटायला पावसाळा उजाडावा लागला.

आता खालच्या पॉइंटला अध्यक्षांची स्कूटर असते. ती आरामात चार्ज होत असते, आणि मी तिच्याकडे बघत बघत वीज आणायला शंभर किलोमीटर पेट्रोल जाळत निघतो.