आराखड्यातला चौक कोणी पुसला? जबलपूरची एक चिडकी सहल

नाशिकला आमचा वीस फूट रुंदीचा प्लॉट आहे, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. अशा चिंचोळ्या जागांसाठी जुन्या विटांच्या घरांचे आराखडे विकणारी एक वेबसाइट सापडली. त्यातलं जबलपूरचं दुमजली घर मला आवडलं. हवे ते बदल करून घेतले, पैसे भरले, गुरुवारी पाया खणायचं ठरलं. त्याआधी मूळ घर एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून मी एकटीच निघाले. नवरा म्हणाला, "एवढ्या उन्हात? फोटो आहेत ना!"

नाशिकरोडहून थेट गाडी मिळते, बारा-तेरा तास धरा. एप्रिलात जाणार असाल तर एसीचंच तिकीट काढा, नंतर मला शिव्या देऊ नका. पोहोचल्यावर खव्याची काळी जिलबी जरूर खा, पण एकच. ती जिलबी नाही, जेवण आहे. घर राइट टाउन भागात; तिथवर जायला रिक्षावाल्याने दीडशे मागितले आणि शंभरावर आला. "मैडम, उस गली में देखने लायक क्या है?" मी म्हटलं, "एक घर." त्याने आरशातून मला नीट न्याहाळलं.

घराचे मालक टेंभेकरकाका रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांचा पत्ता वेबसाइटनेच दिला होता. लाल विटांचं घर पाहत मी रस्त्यातच थबकले, तर दारातून आवाज आला, "काहून उन्हात उभ्या हो? या ना अंदर!"

आत पाऊल टाकलं आणि उकाडा मागे राहिला. कूलर बंद, तरी खिडकीचा पडदा हलत होता. घराच्या मधोमध जेमतेम सात बाय आठ फुटांचा चौक, वर थेट आभाळ. मी पिशवीतून आराखडा काढला. काकांनी चष्मा लावून तो दोनदा फिरवून पाहिला.

"अच्छा, खोल्या तर बरोबर आहेत. पण याच्यात चौक कुठं गेला?"

चौकाच्या जागी बाथरूम होतं.

काकांनी समोरच्या खोलीत उदबत्ती लावली. धूर सरळ चौकाकडे वाकला आणि वर निघून गेला. मग त्यांनी चौकाचं दार लावलं. धूर खोलीतच घुटमळायला लागला, पाच मिनिटांत माझ्या मानेला घाम. "हे घराचं नाक आहे. ते वेबसाइटवाले पोट्टे दोन दिवस घर मोजून राहिले होते, इथंच बसून भजे खाल्ले, आन् नाकच काढून टाकलं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौकात बसून भजी खायची आणि कागदावर तोच चौक गिळून टाकायचा! जुन्या घराच्या नावावर पैसे घ्यायचे आणि गिऱ्हाइकाला विटांची भट्टी विकायची! तिथूनच नवऱ्याला फोन लावला आणि इतकी ओरडले की काकांनी न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला. निघताना ते म्हणाले, "सोडू नका त्यांना. चांगलं सुनवा."

दुपारच्या परतीच्या गाडीत मी तक्रार लिहायला घेतली. पुराव्यासाठी जुने मेल उघडले. त्यांचा पहिला आराखडा सापडला. मधोमध चौक होता, सात बाय आठ. शेजारी टीप: 'हवा आणि उजेडासाठी, कृपया बंद करू नये.' खाली माझं उत्तर: 'ही रिकामी जागा वाया जाते. इथे बाथरूम बसवा. लवकर पाठवा.'

आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार पुसली आणि काँट्रॅक्टरला कळवलं, गुरुवारी पाया खणू नका. मग काकांना फोन करून खरं सांगितलं. ते बराच वेळ हसले. "चलो, पाया तर नव्हता ना खणला!"

आता आमच्या प्लॉटवर चुन्याच्या फक्कीने नवी आखणी झालीय, मधोमध सात बाय आठचा चौकोन. एक बाथरूम गेलं. येणारे-जाणारे विचारतात, "एवढी जागा वाया का घालवताय?" माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पण ओरडणार कोणावर? वाक्य माझंच आहे.